आई-वडिलांचं भरलेलं घर रिकामं करून देण्याचं काम: पहिल्या फेरीपासून किल्ल्या परत देईपर्यंत

चाळीस-पन्नास वर्षं नांदतं असलेलं घर एक दिवस रिकामं करायची वेळ येते. आई-वडील गेलेले असतात किंवा वृद्धनिवासात राहायला गेलेले. एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला, सोसायटी पुनर्विकासाला निघालेली आणि ताबा द्यायची तारीख ठरलेली. सुट्टी मिळते जेमतेम पंधरा दिवसांची. मग शेवटच्या दोन दिवसांत भंगारवाल्याला बोलावून "सगळं उचला, काय द्यायचं ते द्या" असं होतं आणि दोन पिढ्यांनी जपलेल्या वस्तू किलोच्या भावाने जातात.

अमेरिकेत या कामाला 'इस्टेट सेल' म्हणतात. तिथे घरातच दोन-तीन दिवस विक्री लावून, आलेल्या रकमेवर टक्केवारी घेऊन घर रिकामं करून देणारे व्यावसायिक गावोगावी आहेत. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत तेच काम करायचं तर पद्धत बदलावी लागते. आपल्याकडे घर तिसऱ्या मजल्यावर असतं, फाटकावर वॉचमन असतो, वस्तूंमध्ये तांब्याच्या बंबापासून मोडी लिपीतल्या कागदांपर्यंत काहीही निघतं आणि प्रत्येक प्रकाराचा खरेदीदार वेगळा असतो. हा लेख हे काम व्यवसाय म्हणून करू पाहणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घराचं आवरायला निघालेल्यांनाही तो उपयोगी पडेल.

सगळ्या कामाचा कणा एकच: आधी शोध, मग वाटणी, मग विक्री, शेवटी भंगार. हा क्रम उलटा झाला की नुकसान भरून येत नाही. कपाट विकून झाल्यावर त्याच्या चोरकप्प्यात काय होतं हे कळून उपयोग नसतो.

कामाला हात लावण्याआधी: संमती आणि करार

वस्तू कोणाच्या मालकीच्या आहेत हे आधी पाहा. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाची सही घ्या. नसेल तर सर्व वारसांची संमती लेखी हवी. फोनवर "ताई म्हणेल तसं करा" एवढ्यावर काम सुरू करू नये. महिनाभराने धाकटा भाऊ आईचा झोपाळा मागतो आणि झोपाळा गेलेला असतो. परदेशातल्या वारसाने ईमेलवर नावानिशी संमती दिली आणि सोबत सही केलेल्या पत्राची स्कॅन प्रत पाठवली तर घरसामानापुरतं ते पुरतं. फ्लॅट किंवा गाडी विकायचा अधिकार ही वेगळी गोष्ट आहे. तिथे रीतसर मुखत्यारपत्र लागतं, आणि ते वकिलाचं काम.

करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात: कोणत्या खोल्या आणि कोणत्या वस्तू तुमच्या कामात येतात, टक्केवारी किती आणि किमान मेहनताना किती, हमाली, टेम्पो, साफसफाई कोणाच्या खर्चाने, न विकलेल्या वस्तूंचं काय, पैसे किती दिवसांत मिळणार. किमान मेहनताना न चुकता लिहा. ज्या घरात स्टीलची भांडी, प्लायवूडचं फर्निचर आणि जुने कपडे एवढंच असतं तिथे विक्री थोडी होते, काम मात्र तेवढंच पडतं. नुसत्या टक्केवारीवर असं घर घेतलं तर तुमच्या माणसांचा रोजही सुटत नाही.

दोन कलमं बहुतेक जण विसरतात. पहिलं: शोधात सापडलेली रोकड, दागिने, कागदपत्रं ही कुटुंबाची, सापडल्या जागीच फोटो, मग सीलबंद पिशवी, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या. त्यावर टक्केवारी नाही. दुसरं: तुम्ही स्वतः, तुमचे नातेवाईक किंवा तुमची माणसं त्या घरातली एकही वस्तू विकत घेणार नाहीत. किंमत ठरवणारा आणि घेणारा एकच असला की कितीही प्रामाणिक माणूस असो, संशय येतोच. आणि हा धंदा एका घराने दुसऱ्या घराला नाव सांगण्यावर चालतो.

सोसायटीच्या कमिटीला पत्र देऊन तारखा, सामान न्यायच्या वेळा आणि लिफ्टचा वापर ठरवून घ्या. बऱ्याच ठिकाणी मालकाच्या पत्राशिवाय वॉचमन फर्निचर बाहेर जाऊ देत नाही. कोऱ्या गेटपासचं पुस्तक छापून घेतलंत तर विक्रीच्या दिवशी धावपळ वाचते.

शोध: घाई करू नये असा टप्पा

सत्तर-ऐंशी चौरस मीटरच्या भरलेल्या घराला तीन माणसांचे तीन ते चार दिवस शोधातच जातात असं धरा. एक माणूस वस्तू उचलतो, दुसरा उघडतो-झटकतो, तिसरा लिहितो. खोलीत दारापासून घड्याळाच्या दिशेने फिरायचं, खालून वर. झालेल्या जागेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे दोनदा होत नाही आणि सुटतही नाही.

कुठे पाहायचं? साड्यांच्या घड्या, प्रत्येक साडी उलगडून. पुस्तकं, एकेक पाठीला धरून खाली झटकून. तांदळाच्या आणि डाळींच्या डब्यांचा तळ. देवघराच्या खालचा खण. फोटोफ्रेमची मागची पुठ्ठ्याची पाठ. शिवणयंत्राचा खण, जुन्या पर्सचं अस्तर, कोटाचे आतले खिसे, गादीच्या उसवून पुन्हा शिवलेल्या कडा. लोखंडी कपाटात लॉकरचा खण पूर्ण बाहेर काढून मागे हात घाला. दिवाणाच्या पेटीत वर रजया असतात म्हणून तळ बघायचा राहतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकांना वर्तमानपत्राचा तळ घातलेला असतो. तो कागदही उचलायचा.

निघालेल्या कागदांचे तीन ढीग. पहिला, जे वारसांच्या हाती त्याच दिवशी गेलं पाहिजे: फ्लॅटचा दस्त, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याच्या पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, लॉकरची किल्ली, आणि कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं. हे शेवटचं रद्दीत जाण्याचा धोका सर्वांत मोठा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करून डीमॅटमध्ये घेता येतात. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे गेले असले तरी दावा करता येतो. कंपनीचं नाव बदललं किंवा ती दुसरीत विलीन झाली म्हणून कागद फेकू नये. बँकेत पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल आहे. त्याची माहिती कुटुंबाला द्या.

दुसरा ढीग खासगी: पत्रं, डायऱ्या, वैद्यकीय फायली, आधार-पॅनच्या प्रती, जुनी चेकबुकं. यातलं कुटुंब ठेवील ते ठेवील, बाकीचं यंत्रात बारीक कापूनच बाहेर काढायचं. रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात गेलेल्या पॅनच्या प्रतीचा पुढे कुठे वापर होईल सांगता येत नाही. संगणकाची हार्ड डिस्क काढून कुटुंबाला द्या. नुसत्या फायली पुसून भागत नाही.

तिसऱ्या ढिगात खरी रद्दी.

जुन्या नोटा निघाल्या तर थांबा. नोव्हेंबर २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं कायद्याने गुन्हा आहे. संग्राहकाला मुभा आहे, तीही पंचवीसपर्यंतच. किती निघाल्या ते लिहून वारसांना आणि त्यांच्या सीएला कळवा, स्वतःकडे ठेवू नका. दोन हजारांच्या नोटांचं मात्र तसं नाही. मे २०२३ मध्ये त्या चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाली तरी त्या वैध आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, नागपूर अशा कार्यालयांतून खात्यावर जमा करता येतात.

जे विकायचंच नाही

काही वस्तू विक्रीच्या खोलीत येताच कामा नयेत. जुन्या घरांत देवघरात मृगाजिन किंवा व्याघ्राजिन निघतं, दिवाणखान्यात सांबरशिंग, कपाटात हस्तिदंती डबी किंवा बांगड्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि यातल्या कशाचीही विक्री करता येत नाही. आपोआप गळून पडलेलं शिंगही नाही. मालकी प्रमाणपत्र आहे का ते कागदांत शोधा, नसेल तर वारसांनी वन विभागाशी बोलावं. तोपर्यंत त्या वस्तूचा फोटोही ग्राहकांच्या गटावर टाकू नये.

बंदूक असेल तर परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. तलवार, गुप्ती, कट्यार 'शोभेची' म्हणून विकू नका, आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारा.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, शिल्पं, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं यांना १९७२ चाच पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. "दादा, पणजोबांची दगडी मूर्ती बॅगेत घालून नेतो" म्हणणाऱ्या मुलाला हे आधीच सांगा, विमानतळावर कळण्यापेक्षा बरं. लाल कापडात बांधलेल्या पोथ्या किंवा मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले तर सोडवू नका, उन्हात टाकू नका. जसे आहेत तसे पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा. मंडळ १९१० पासून हेच काम करतं. एखाद्या गावचा महजर (गावसभेच्या निर्णयाचा कागद) किंवा जमिनीचा जुना निवाडा रद्दीत जाणं हे त्या घराचंच नाही, सगळ्या परगण्याचं नुकसान आहे.

देवघर सर्वांत शेवटी हलवा आणि कुटुंबातलं कोणी हजर असतानाच. कुलदैवतांचे चांदीचे टाक कोणाकडे जाणार हे वारसांनीच ठरवायचं. तुम्ही त्याचं वजनही करू नये.

गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे असतात. एजन्सीत कागदासकट परत केले की अनामत मिळते, किंवा जोडणी वारसाच्या नावावर होते. भंगारात सिलिंडर देणं बेकायदा आहे. हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, पलंग हे भाड्याने आणलेले तर नाहीत ना, हे औषधांच्या बिलांत बघा. अनामत अडकलेली असते. पाऱ्याचं रक्तदाबयंत्र निघालं तर उभं ठेवून वेगळं करा. त्यात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो आणि सांडलेला पारा सोन्याला चिकटून दागिना पांढरा पाडतो.

किंमत कशी ठरवायची

प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात: मोडीचा, म्हणजे भंगार म्हणून वजनावर मिळणारा, आणि वापराचा. मोडीचा भाव म्हणजे जमीन, त्याखाली कधीच जायचं नाही. तो रोज बदलतो, म्हणून कामाच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या दुकानांतून तांबं, पितळ, कासं, ॲल्युमिनियम, स्टील आणि लोखंडाचा भाव विचारून लिहून ठेवा.

तांब्याचा बंब घ्या. आधी आतली राख झटका, लोखंडी जाळी काढा, मगच तोला. मोडवाला जाळीसकट तोलून 'लोखंडाची वजावट' म्हणून अंदाजाने दोन-तीन किलो कापतो, तेव्हा आधी काढलेली बरी. तोटी पितळेची असते, तिचा भाव वेगळा. झाळलेले सांधे असतील तर थोडी वजावट रास्तच आहे. पण बंब गळका नसेल, पोचे कमी असतील, तर तो मोडीत का घालायचा? मराठी जेवणाची हॉटेलं, फार्महाउसवाले, लग्नाची सजावट करणारे मोडीपेक्षा बरेच जास्त देतात. घंगाळ, हंडा-कळशी, पितळी डबे, पानाचे डबे, समया यांचंही तेच. घासून चकचकीत करू नका. काळपट तांबं-पितळ पारखून घेणाऱ्याला जास्त आवडतं, आणि घासण्याची मजुरी तुमच्या अंगावर पडत नाही.

कासं पितळ समजून विकलं जातं ही फार सर्रास होणारी चूक. काशाची वाटी बोटांवर तोलून टिचकी मारली की नाद लांबतो. पितळ लगेच गप्प होतं. कासं पडलं तर तडकतं, पितळ चेपतं. काशात तांब्याबरोबर कथील असतं, आणि कथील महाग, म्हणून त्याचा भाव पितळेपेक्षा वरचा.

काटा स्वतःचा न्यायचा. पन्नास किलोपर्यंतचा लटकता डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. दुसऱ्याचा काटा तपासायला पाण्याच्या एक लिटरच्या पाच सीलबंद बाटल्या त्याला लावा: पाच किलो आणि बाटल्यांचे शंभर-दीडशे ग्रॅम एवढंच दिसलं पाहिजे.

चांदीचे जुने रुपये एका भावात देऊ नका. १९४० च्या आधीचा, म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० ते ४५ चा सहाव्या जॉर्जचा रुपया निम्म्या चांदीचा. १९४७ चा निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. साल बघून तीन ढीग करा. मग १९११ चा पाचव्या जॉर्जचा आणि १९३९ चा रुपया आहे का ते पाहा. या दोन सालांना संग्राहक चांदीच्या भावाच्या कितीतरी पट देतात आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फार आहेत. विकण्याआधी नाणेतज्ज्ञाला दाखवाच. सोनं आणि दागिने मात्र तुमच्या यादीतच घेऊ नका. ते वारसांनी सगळ्यांसमोर, दोन सराफांकडे तपासून काय ते करावं.

साड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सर्वांत जास्त हातचं जातं. जुन्या साड्यांचा गठ्ठा भांड्यांवर घेणाऱ्या बोहारणीला द्यायची आपली पद्धत, आणि त्या गठ्ठ्यात खऱ्या जरीची पैठणी किंवा शालू गेला की तो जाळून चांदी काढली जाते. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचं पाणी दिलेलं असतं. पदराच्या उलट्या बाजूचा एखादा सुटलेला जरीचा धागा नखाने उलगडा: आत लाल किंवा पिवळं रेशीम आणि वर पांढुरकी तार दिसली तर जर खरी असण्याची शक्यता मोठी. प्लॅस्टिकची जर ज्योतीला लावली की आकसून गोळी होते. जरवाल्याच्या भावापेक्षा सबंध साडीचा भाव नेहमी वर असतो, अगदी एखादी घडी विरलेली असली तरी, कारण काठ-पदर काढून नव्या कापडावर बसवणारे घेतात. अशा साडीला इस्त्री करू नका, हँगरला लटकवू नका, सुती कापडात सैल गुंडाळून दाखवा.

फर्निचरमध्ये लाकूड ओळखायला पॉलिश न केलेली बाजू बघायची: खणाचा तळ, खुर्चीच्या बैठकीखालची पट्टी. तिथे नाण्याने किंचित खरवडलं की सागवान सोनेरी-तपकिरी दिसतं आणि तेलकट वास येतो. शिसव काळसर-जांभळट आणि उचलताना हाताला स्पष्ट जड लागतं. लांब हातांची आरामखुर्ची, शिसवी पलंग, पितळी कड्यांचा झोपाळा यांना तीन खरेदीदार बोलावून लेखी दर घ्या. झोपाळ्याच्या कड्या आणि फळी कधीही वेगळ्या विकू नका. पायाशी बारीक पिठासारखा भुसा दिसला तर कीड चालू आहे. ते फर्निचर बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि घेणाऱ्याला सांगा. लोखंडी कपाटं सर्वांत आधी जातात, किल्ल्या दोन्ही असतील तर लवकर. प्लायवूडच्या शोकेसला आणि भिंतीत बसवलेल्या युनिटला मात्र जवळजवळ किंमत नाही, ते काढायची मजुरीच जास्त, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. ज्यावर त्यांनी १९९५ साली भरपूर खर्च केलेला असतो ते शून्यात निघालेलं ऐकायला जड जातं.

भिंतीवरची देवादिकांची जुनी चित्रं फ्रेमच्या भावाने देण्याआधी खालच्या कडेची ओळ वाचा. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या मूळ छापांवर कार्ला-लोणावळा असं छापलेलं आढळतं. भिंग लावून पाहिलं तर मूळ शिळाछापाचे ठिपके अनियमित, दाणेदार दिसतात; आजच्या ऑफसेट नकलेत रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. कडा कापू नका, काच काढू नका. चित्र काचेला चिकटलेलं असलं तर ओढल्यावर रंग काचेवर राहतो.

किल्लीची एचएमटी घड्याळं, लाकडी पेटीतले व्हॉल्व्हचे रेडिओ, ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या यांना संग्राहक आहेत. घड्याळ उघडू नका, मूळ पट्टा टाकून देऊ नका. तबकड्या लाखेच्या असतात आणि ठिसूळ. आडव्या रचल्या की खालच्या तडकतात, उभ्याच ठेवा. पुस्तकांत संच फोडू नका, लेखकाच्या स्वाक्षरीची प्रत वेगळी काढा, जुने दिवाळी अंक सालवार लावून सबंध द्या.

विक्रीचे दिवस

मोठ्या किमतीच्या दहा-पंधरा वस्तू आधी, दर मागवून, स्वतंत्रपणे विकून टाका. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटचे व्यापारी, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचे जुन्या फर्निचरवाले, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातली मंडळी, सगळ्यांना एकाच दिवशी पण वेगवेगळ्या वेळी बोलवा. एकत्र आले की आपसात ठरवून एकच भाव सांगतात. व्यापारी "सगळं मिळून इतके" म्हणेल. त्याला हव्या असलेल्या तीन वस्तू बाकीच्या पन्नासांत दडवायची ती रीत आहे. वस्तूगणिकच दर घ्या.

मग दोन दिवसांची घरविक्री, शनिवार-रविवार. पहिला मान नातेवाईक आणि शेजाऱ्यांचा, शुक्रवारी संध्याकाळी, पण चिठ्ठीवरच्याच किमतीला. पुण्यात जून-जुलै हा चांगला काळ: शिकायला आलेली मुलं कॉट, टेबल, कपाट, शेगडी शोधत असतात. फक्त पाऊस धरून टेम्पोला ताडपत्री सांगा. पितृपक्षात गर्दी नसते. मृत व्यक्तीचा पलंग बरेच जण घेत नाहीत. कोणी विचारलं तर खरं सांगा.

एका वेळी आठ माणसं, वीस मिनिटांचा गट, नावं आधी नोंदवून. तुमची चार माणसं लागतात: एक दारात, एक पैशाच्या टेबलावर, एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात. पिशव्या दारात ठेवून घ्यायच्या. छोट्या किमती वस्तू पैशाच्या टेबलावरच मांडायच्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि किंमत, तोच क्रमांक वहीत. वीज आणि पाणी विक्री संपेपर्यंत तोडू नये. फ्रिज चालू दाखवला तर वापराच्या भावाने जातो, बंद दाखवला तर भंगाराच्या.

घासाघीस होणारच. म्हणून नियम आधी ठरवा: शनिवारी चिठ्ठीचा भाव, पाचपेक्षा जास्त वस्तूंना दहा टक्के सूट, रविवारी दुपारी बारानंतर निम्मा, चारनंतर ढीग करून एक भाव. नियम दारावर लावलेला असला की भांडणं होत नाहीत.

पूर्ण पैसे आल्याशिवाय वस्तू हलवायची नाही आणि राखूनही ठेवायची नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या खात्यात जमा झाल्याचं कळल्यावरच पावती फाडा. "पैसे पाठवतो, तुम्ही हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा भामटा असतो, कारण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे.

उरलेलं काढणं

चांगलं अंथरूण-पांघरूण, भांडी, व्हीलचेअर, वॉकर संस्थांना द्या, पण आधी फोन करून काय घेतात ते विचारा. जुना काचेच्या नळीचा टीव्ही, संगणक, फ्रिज अधिकृत ई-कचरा केंद्राकडे. टीव्हीच्या काचेत शिसं असतं, रस्त्यावर फोडलेली चालत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बॅटरीच्या दुकानदाराला वजनावर द्या, आम्ल न ओतता. स्कूटर किंवा गाडी भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका. मालक मृत असेल तर आरटीओत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, मग विकावी किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून प्रमाणपत्र घ्यावं. नाहीतर पुढचे दंड आणि अपघाताची जबाबदारी त्याच नावावर येत राहते.

मगच भंगारवाला. 'छोटा हत्ती' टेम्पो साधारण पाऊण टन उचलतो. भरलेल्या घराला त्याच्या दोन ते चार फेऱ्या धरा.

हिशेब

सात दिवसांत एक तक्ता द्या: क्रमांक, वस्तू, सांगितलेली किंमत, मिळालेली किंमत, रोख की यूपीआय, तारीख. खाली खर्चाच्या पावत्या, तुमची टक्केवारी, प्रत्येक वारसाचा वाटा. परदेशस्थ वारसाचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचं इथलं बँक खातं). पावत्या कुटुंबाच्या वतीने फाडा, तुमचं बिल फक्त मेहनतान्याचं असावं. त्यावर महाराष्ट्रात वर्षाला वीस लाखांच्या वर सेवा गेली की जीएसटी नोंदणी येते, पण एजंट म्हणून तुमचं स्थान काय ठरतं हे पहिल्याच कामाआधी सीएकडून लिहून घ्या. घरवापराच्या सामानावर कुटुंबाला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलावस्तू मात्र या सवलतीत बसत नाहीत. त्यांच्या पावत्या वेगळ्या लावून द्या.

किल्ल्या देण्याआधी रिकाम्या घरातून एकदा टॉर्च घेऊन फिरा: माळा, फडताळाचा वरचा खण, दारामागची खुंटी, मीटरच्या पेटीवरची जागा, बाल्कनीतली कुंडी. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो काढा. पाण्याचा मुख्य नळ आणि विजेचा मेन बंद करा. किल्ल्यांचा जुडगा मोजून, किती आणि कोणत्या हे लिहून, घेणाऱ्याची सही घ्या.